तगर नगरीत पावसाचे तीन दिवस

आपल्या जिल्ह्यातील बायकांना तुळजापूरची वाट सांगावी लागत नाही. पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन नळदुर्गचा नर-मादी धबधबा पाहावयास जाण्याचाही प्रघात पडला आहे. पण तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाखेरीज कोणी मुद्दाम जाऊन राहत नाही. गेल्या श्रावणात आम्ही तिघी मैत्रिणी तेथे तीन दिवस राहिलो. तिन्ही दिवस झड लागली होती. तरीही तेर पाहावे ते पावसातच, असे आता माझे मत झाले आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांच्या उपयोगासाठी 'पेरिप्लस' नावाचे एक ग्रीक पुस्तक लिहिले गेले. त्यात म्हटले आहे की, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. तगरहून जाडेभरडे कापड पुष्कळ, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, गाड्यांत भरून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येत असे. तेथून ते जहाजावर चढे.

त्या पुस्तकात मालाची यादी आहे, सूत काढणाऱ्या हातांची नाही. ते हात कोणाचे असत हे पाहावयाचे तर कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. त्यातील सूत्राध्यक्षाने विधवा, अपंग स्त्रिया, म्हाताऱ्या दासी यांच्याकडून सूत कातून घ्यावे असा नियम आहे. ज्या स्त्रिया स्वतः सूत घेऊन येत, त्यांचे काम पहाटे उरकावे, दिवा सूत पारखण्यापुरताच असावा, आणि अधिकारी त्यांच्या तोंडाकडे पाहील किंवा इतर गोष्टी बोलेल तर त्यास दंड व्हावा, असेही लिहिले आहे! अर्थशास्त्र काही तेरबद्दल बोलत नाही. तरी त्या मलमलीमागे अशाच बायकांची बोटे असणार, असे मी तरी धरून चालते.

हे तगर कोठले, यावर गेल्या शतकाच्या आधी पंडितांचा बराच वाद झाला. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटले, डॉ. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. शिलाहार राजे तर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत असताही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. अखेर 1901 साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे दाखवून दिले आणि तेच मान्य झाले. पुढे 1958 साली चापेकरांनी येथे उत्खनन केले.

पहिल्या दिवशी आम्ही त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. मागची बाजू अर्धवर्तुळाकार, छप्पर बैलगाडीच्या टपासारखे, आणि सारे बांधकाम विटांचे. हा आकार बौद्ध चैत्याचा; म्हणून हे मुळात चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक म्हणतात. आत आज त्रिविक्रम उभा आहे आणि लोक त्यालाच नमस्कार करतात. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत विटांचा ओला वास कोंदला होता. तेथेच तास-दीड तास बसलो.

दुसरा दिवस रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेला. तेरला पाऊस पडला की टेकाडांची माती धुपते आणि मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येतात. गावकऱ्यांना सापडलेल्या अशा वस्तू लामतुरे यांनी आयुष्यभर जमविल्या, म्हणून त्या आज आपल्या दृष्टीस पडतात. पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्तींची केशरचना पाहून आम्ही थक्क झालो. रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकेही आहेत. परदेशी चाल तेव्हाही लवकर उचलली जात होती म्हणावयाची.

पण सर्वांत मोलाची ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई नगर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. हातांत बांगड्यांचे चुडे, पायांत जड तोडे, दोहो बाजूंस दोन लहान दासी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आपली तेरची मूर्ती तिची बहीण शोभेल. जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही तिच्या जातीची मूर्ती मिळाली आहे. त्यामुळे पाँपेईची ती स्त्री आपल्याच मुलखातून गेली असावी, असे काही विद्वान मानतात. अशा मूर्ती आरशाची मूठ म्हणून वापरीत, असाही एक तर्क आहे. तो मला आवडतो.

तिसऱ्या दिवशी तेरणेकाठी गोरोबाकाकांचे दर्शन घेऊन परतताना सर आली, म्हणून एका धाब्याच्या घरात आसरा घेतला. घरातल्या म्हातारबाईंनी चहा केला. धाबे गळत होते. त्यावर टाकावयास टेकाडाची पांढरी माती आणीत, असे त्या सांगू लागल्या. पांढरीची माती पाणी धरून ठेवीत नाही, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. पण अशा गाडीभर मातीबरोबर वस्तीचे थरही जातात. मणी हाती लागतो. तो कोणत्या घरात, कोणत्या काळच्या चुलीपाशी पडला होता, हे मात्र कायमचे पुसले जाते. मी हे त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, लहानपणी पाऊस उघडला की आम्ही पोरी मणी वेचायला पळायचो, आणि दोऱ्यात ओवून बाहुलीच्या गळ्यात घालायचो.