खेळताना कुत्र्याचा पाय दुखावला, तर...

संध्याकाळी किनाऱ्यावर किंवा अंगणात चेंडूमागे धावणारा कुत्रा गर्रकन वळतो, एकदाच केकाटतो आणि तीन पायांवर लंगडत परत येतो. अशा वेळी घरात दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी पायाला तेल लावून चोळू लागते आणि कोणीतरी औषधांच्या डब्यातून वेदनाशामक गोळी काढते. दोन्ही टाळाव्यात, दुसरी तर कटाक्षाने.

माणसाला निर्धोक वाटणारे पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला इजा करू शकते. मात्रा मोठी झाल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताही घटते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांमुळे जठरात व्रण पडण्याचा, मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. ‘लहान जीव आहे, अर्धीच देऊ’ या हिशेबात अर्थ नाही, कारण कुत्र्याचे शरीर ही औषधे माणसासारखी पचवत नाही. (घरातल्या मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.) शिवाय आधी अशी गोळी पोटात गेली असेल, तर पशुवैद्यांना कुत्र्यासाठीचे वेदनाशामक लगेच सुरू करता येत नाही. गोळी दिली गेलीच असेल, तर कोणती, किती आणि केव्हा, हे संकोच न करता सांगावे.

खेळ तत्काळ थांबवून कुत्र्याला पट्टा लावावा आणि शांत जागी बसवावे. वेदनेत असलेला कुत्रा, कितीही माणसाळलेला असला तरी, हात लावताच चावू शकतो. म्हणून एकाने डोके सांभाळावे व दुसऱ्याने पाय पाहावा. गरज भासल्यास मऊ कापडाच्या पट्टीने तोंड सैलसर बांधावे. मात्र पगसारख्या चपट्या नाकाच्या, धापा टाकणाऱ्या किंवा ओकारी येत असलेल्या कुत्र्याचे तोंड बांधू नये. चावा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रा घरचा आहे, ही सबब रेबीजच्या बाबतीत चालत नाही.

तपासणी पंजापासून सुरू करावी, कारण बऱ्याचदा दुखणे तिथेच असते. पंजाच्या गाद्या, बोटांमधल्या फटी आणि नखे नीट पाहावीत. गोव्याच्या किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, शिंपल्यांच्या धारा आणि मासेमारीचे गळ हे नेहमीचे अपराधी. काटा किंवा काचेचा वर दिसणारा तुकडा चिमट्याने अलगद काढता येतो. रुतलेला गळ मात्र ओढू नये; त्याच्या टोकाला उलटी अणी असते आणि ती मांस फाडत बाहेर येते. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड पाच ते दहा मिनिटे, मध्येच उचलून न पाहता, दाबून धरावे. नख तुटून रक्त येत असेल, तर तुरटीची पूड उपयोगी पडते. खोल जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरू नये. ती साफ करण्यातच पुढे डॉक्टरांचा वेळ जातो.

पंजा ठीक दिसला, तर हात हळूहळू वर न्यावा आणि प्रत्येक सांधा दुसऱ्या बाजूच्या पायाशी ताडून पाहावा. सूज, उष्णता, किंवा कुत्रा मान वळवून हाताकडे पाहतो ती जागा, ही खूण पुरेशी आहे. सांधा वाकवून ‘बसवण्याचा’ प्रयत्न करू नये.

कुत्रा पाय टेकत असेल आणि किंचितच लंगडत असेल, तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. पहिल्या दोन दिवसांत शेक देऊ नये. खरे औषध विश्रांती. आणि तेच सर्वांत अवघड. जिने नाहीत, सोफ्यावर उडी नाही, गुळगुळीत लाद्यांवर धावाधाव नाही. शी-शूसाठीही पट्ट्यानेच बाहेर. एक-दोन दिवसांत स्पष्ट सुधारणा दिसली नाही, तर पशुवैद्यांकडे न्यावे.

पाय मुळीच टेकवत नसेल, हाड वाकडे किंवा बाहेर आलेले दिसत असेल, रक्त थांबत नसेल, पाय फरफटत असेल किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, तर दिवस मोजत बसू नये. घरी फळ्या बांधण्याचा खटाटोपही नको. चुकीच्या जागी बांधलेली फळी मोडलेल्या हाडाला आणखी इजा करते. कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर ठेवून मोटारीने न्यावे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये दाबून नेणे गोव्यात सर्रास दिसते, मोडलेल्या पायासाठी ते वाईटच. पिल्लांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी, कारण त्यांच्या हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कोवळा थर दुखावला, तर पाय पुढे आखूड किंवा वाकडा राहू शकतो.

मागच्या पायाचे लंगडणे विशेष फसवे असते. धावताना अचानक वळल्याने गुडघ्यातील क्रुशिएट अस्थिबंध फाटतो किंवा अर्धवट तुटतो. कुत्रा बोटांच्या टोकावरच पाय टेकतो, बसताना तो बाजूला पसरतो. चार-आठ दिवसांत चाल सुधारते, घरचे निश्चिंत होतात, चेंडू पुन्हा बाहेर निघतो आणि लंगडणेही परतते. दरम्यान अस्थिर गुडघ्यातील कूर्चा झिजत असते. अशा कुत्र्यांपैकी अनेकांचा दुसरा गुडघाही कालांतराने त्याच वाटेने जातो. त्यामुळे ‘आपोआप बरे झाले’ असे वाटले, तरी पुन्हा लंगडलेला कुत्रा तपासून घ्यावाच. मोठ्या कुत्र्यांत अनेकदा शस्त्रक्रिया लागते. वजन आटोक्यात ठेवणे मात्र सर्वांनाच लागू.

इजा दिसत नाही, आज पुढचा पाय दुखतो तर उद्या मागचा, शिवाय ताप आहे, खाणे सुटले आहे, अशी लक्षणे असल्यास दोष खेळाचा नसण्याची शक्यता मोठी. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे असेच दुखतात आणि त्याचे निदान रक्ततपासणीने होते.

पूर्ण बरे झाल्यावरही पहिला आठवडा पट्ट्याने सावकाश चालवावे, मग हळूहळू अंतर वाढवावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या अंगणात चेंडू फेकू नये. फेकायचाच, तर जमिनीलगत घरंगळत सोडावा. उंच उडवलेला चेंडू झेलून वळताना गुडघ्यावर सर्वाधिक पीळ बसतो.