पित्ताची वाट : घोड्यापासून सशापर्यंत

बोकडाची कलेजी साफ करतांना खाटीक एक हिरवट पिशवी फार जपून सोडवितो; ती फुटली तर कलेजी कडू होते. घोड्याच्या यकृतापाशीं मात्र ही पिशवी कितीही शोधली तरी सांपडावयाची नाहीं. या उणिवेनें एक मोठा वाद उभा केला.

तिची नोंद ॲरिस्टॉटलनें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत केली. घोडा, गाढव, खेचर, हरीण आणि उंट यांना पित्ताशय नसतें, असें तो लिहितो. मेंढ्या-बकऱ्यांचें पित्ताशय नॅक्सॉस बेटावर अवाढव्य असतें, तर युबियांतील खाल्किसच्या एका भागांत मुळींच नसतें, असेंहि त्याचें म्हणणें. (याच खाल्किसमध्यें इ. स. पूर्व ३२२ त तो वारला.) ज्या प्राण्यांना पित्त नाहीं ते दीर्घायुषी होतात, हें जुन्या लोकांचें मत त्याला पटे. आणि कांहींना जें अजीबात नाहीं त्याला प्रयोजन तें काय असणार? पित्त हा केवळ मळ, असा त्यानें निकाल दिला. प्रत्येक अवयवांत निसर्गाचा हेतु शोधणाऱ्या या पुरुषानें एवढ्या एकाच ठिकाणीं हेतु शोधूं नका म्हणावें, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

चूक भाषेनें केली असावी. ग्रीकांत पित्त आणि पित्ताशय या दोहोंस एकच शब्द चाले. पिशवी नाहीं म्हणजे पित्तहि नाहीं, असें मानणें मग सोपें झालें. वस्तुतः घोड्याचें यकृत पित्त अखंड स्रवतें आणि रुंद नलिकेनें तें सरळ आंतड्यांत पोंचतें. दिवसभर चरणाऱ्या जनावराला सांठवण हवी कशाला?

ही नलिका आंतड्यांत कोठें उघडते, यांतहि मोठी विविधता आहे. डुकरांत ती जठराच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर, तर गाईंत हातभर किंवा त्याहून दूर उघडते. मेंढींत स्वादुपिंडाची नलिका तिलाच येऊन मिळते. गाईंत ती आणखी पुढें स्वतंत्रपणें उघडते. सशांत या दोन मुखांमधील अंतर सुमारें तीस सेंटिमीटरांचें.

पॅरिसच्या क्लोद बर्नार यानें १८४६ सालीं याच अंतराचा फायदा घेतला. चरबी खाऊं घातलेल्या कुत्र्याच्या आंतड्यावरील रसवाहिन्या जठरापासून थोड्याच अंतरावर दुधासारख्या पांढऱ्या होतात. सशांत मात्र पित्तनलिकेचें मुख मागें पडलें तरी त्या स्वच्छच राहतात आणि स्वादुपिंडाचा रस मिसळल्यावर पांढऱ्या होतात. म्हणजे चरबी पचविणारा रस स्वादुपिंडाचा! पित्ताची बाजू पुन्हां पडली.

परंतु बर्नारचाच शिष्य आल्बेर दास्त्र यानें पुढें उलट प्रयोग केला. कुत्र्याची पित्तनलिका बांधून त्यानें पित्ताशय आंतड्याच्या बऱ्याच खालच्या भागाला जोडलें. स्वादुपिंडाचा रस आतां वर आणि पित्त खालीं. रसवाहिन्या पांढऱ्या झाल्या त्या पित्त मिसळल्यानंतरच! एकट्या कोणाचेंच चालत नाहीं. पित्त चरबीचे बारीक कण करतें, मग स्वादुपिंडाचा रस ते फोडतो, आणि फुटलेली चरबी आंतड्याच्या भिंतींत शोषली जाण्यासहि पित्तच हातभार लावतें. ज्याला मळ म्हटलें, त्याची प्रतिष्ठा अशी परत आली.

पिशवीचा निकाल मात्र निराळा लागला. १५ जुलै १८८२ रोजीं बर्लिनच्या लाझारस रुग्णालयांत कार्ल लांगेनबुख यानें पित्तखड्यांनीं सोळा वर्षें तळमळणाऱ्या ४३ वर्षांच्या एका गृहस्थाचें पित्ताशयच काढून टाकलें. तोंपर्यंत शस्त्रवैद्य पिशवी उघडून खडे काढीत, आणि खडे पुन्हां होत. घोडा ज्या पिशवीवांचून जगतो तिच्यावांचून माणूस जगेल काय? दुसऱ्या दिवशीं पाहतात तों रोग्याला ताप नव्हता, वेदना जवळजवळ नव्हत्या, आणि स्वारी चिरूट ओढीत पडली होती.