पंचसूत्रीतला एक शब्द

मागच्या शनिवारी बाईक काढून राळेगणसिद्धीला जाऊन आलो. गावाची पंचसूत्री शाळेपासून पाठ आहे: श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी. या वेळी शेवटच्या शब्दापाशी अडलो. १९७५ नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने गाव बदललं, तेव्हा हा शब्द थेट गावाच्या नियमांत आला. म्हणजे अंथरुणातला विषय आपल्याकडे चारचौघांत येऊ शकतो. पण मुलं थांबवण्यापुरताच!

अडायचं कारण मावशी. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, रेडिएशन घेऊन ती बरी झाली. फाईलमध्ये गोळ्या, आहार, पुढची तारीख, सगळं होतं. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल एक ओळ नव्हती. लागण होईल म्हणून काकांनी खाट वेगळी केली. हे तिने माझ्या बायकोला सांगितलं, तेही सहा वर्षांनी.

गंमत म्हणजे मराठीला हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, खटले सोसले. १९३४ साली त्यांची बाजू खुद्द डॉ. आंबेडकरांनी कोर्टात मांडली.

कॅन्सरचं मोठं कामही इथलंच. टाटा मेमोरियल १९४१ चं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्हीची एकच चाचणी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात.

जीव वाचवायला शिकलो. वाचलेल्या बाईच्या संसाराचं काय?

तर सरळ सांगतो. कॅन्सर संबंधांतून लागत नाही. एचपीव्ही विषाणू लागतो, पण तो बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो. रेडिएशनने योनिमार्ग कोरडा आणि अरुंद होऊ शकतो. त्यावर वंगण जेल आहे, मार्ग आखडू नये म्हणून डायलेटर नावाचं साधं साधन आहे. कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारायचं. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

हे सगळं काकांना मीच सांगितलं. जीभ अडखळली, पण सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी कुणी बोललं असतं तर..."

असो. उद्या सोमवार.