विंडोज ११ उन्नयनातील अडचणी

संगणकावरील फाइली, प्रोग्राम आणि वापरकर्त्याची मांडणी कायम ठेवून विंडोज १० या कार्यप्रणालीच्या जागी विंडोज ११ बसवण्याच्या प्रक्रियेस उन्नयन, रोजच्या बोलण्यात अपग्रेड, असे म्हणतात. घरगुती संगणकावर ही प्रक्रिया करताना येणाऱ्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात उन्नयन सुरूच होत नाही किंवा अर्ध्यावर थांबते. दुसऱ्या प्रकारात उन्नयनाच्या आधी, दरम्यान किंवा नंतर वापरकर्त्याच्या फाइली हाती लागेनाशा होतात. पहिला प्रकार वारंवार आढळतो, पण तो बहुधा निरुपद्रवी असतो, कारण प्रक्रिया फसल्यास संगणक आपोआप विंडोज १० वर परततो. दुसरा प्रकार विरळा असला तरी त्यातील नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. ते उन्नयनाच्या मूळ प्रक्रियेपेक्षा तिच्या भोवती केलेल्या दुरुस्त्यांमुळे अधिक घडते.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी, तर विंडोज ११ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध केली. पात्र संगणकांसाठी हे उन्नयन विनामूल्य आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवसानंतरही विंडोज १० चालू राहते, मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींवरील दुरुस्त्या तिला नेहमीच्या मार्गाने मिळत नाहीत. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुन्या संगणकांच्या मालकांपुढे उन्नयनाचा प्रश्न उभा राहिला.

पात्रतेच्या अटी

विंडोज ११ साठी किमान ४ गीगाबाइट स्मृती, ६४ गीगाबाइट साठवण, १ गीगाहर्ट्‌झ वेगाचा व किमान दोन गाभ्यांचा ६४-बिट प्रोसेसर, यूईएफआय प्रकारचे फर्मवेअर, सिक्युअर बूटची क्षमता आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक आहे. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतीलही असावा लागतो. काही अपवाद वगळता ही यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य साधन यांपैकी कोणती अट पूर्ण होत नाही ते सांगते.

टीपीएम नसल्याचा निर्वाळा पुष्कळदा फसवा असतो. मान्य यादीतील बहुतेक प्रोसेसरांमध्ये ही सोय अंगभूत असते. जोडणी करून घेतलेल्या अनेक संगणकांवर ती केवळ बंद ठेवलेली असते. फर्मवेअरच्या मांडणीत ती इंटेलच्या संगणकांवर पीटीटी आणि एएमडीच्या संगणकांवर एफटीपीएम या नावाने आढळते. तेथे ती चालू केली की अट पूर्ण होते आणि वेगळी चिप विकत घ्यावी लागत नाही.

यूईएफआयची अट अधिक गुंतागुंतीची आहे. विंडोज १० जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली असल्यास डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या आराखड्याची असते, तर यूईएफआयला जीपीटी हा आराखडा लागतो. अशा संगणकावर फर्मवेअरमधील पद्धत आधीच बदलली, तर संगणकाला कार्यप्रणाली सापडत नाही आणि पडद्यावर केवळ सूचना उरते. डिस्क बिघडलेली नसते. फर्मवेअरमधील बदल मागे घेतला की संगणक पूर्ववत सुरू होतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने घाबरून डिस्क फॉरमॅट केल्याची उदाहरणे घडतात. योग्य क्रम उलट आहे. प्रथम विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी या अंतर्भूत साधनाने तपासणी व रूपांतर करावे आणि मग फर्मवेअरची पद्धत बदलावी. हे साधन फाइली न पुसता रूपांतर करते, परंतु डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग किंवा एकही विस्तारित विभाग असल्यास ते नकार देते. जुन्या संगणकांवरील डी आणि ई ड्राइव्ह हे अनेकदा विस्तारित विभागातच असतात. तेव्हा त्यांतील मजकूर बाहेरच्या डिस्कवर हलवून ते विभाग काढून टाकावे लागतात.

विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती असल्यास उन्नयन शक्यच नसते. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात उपलब्ध आहे आणि ३२-बिटवरून ६४-बिटवर जाण्यासाठी कार्यप्रणाली नव्याने बसवावी लागते.

उन्नयन अर्ध्यावर थांबणे

उन्नयन चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात जुनी कार्यप्रणाली चालू असतानाच नव्या फाइली उतरवल्या जातात व सुसंगतता तपासली जाते. दुसऱ्यात संगणक एका छोट्या तात्पुरत्या प्रणालीवर सुरू होऊन नवी कार्यप्रणाली मांडतो. तिसऱ्यात नवी कार्यप्रणाली प्रथमच सुरू होऊन ड्रायव्हर बसवले जातात आणि चौथ्यात वापरकर्त्याची मांडणी पूर्ण केली जाते. अपयश कोणत्या टप्प्यात आले हे कळले, तर कारण शोधणे पुष्कळ सोपे होते.

०एक्स-सी१९००१०१ हा सर्वाधिक आढळणाऱ्या त्रुटी-क्रमांकांपैकी एक आहे. तो एका विशिष्ट दोषाचा क्रमांक नसून प्रक्रिया मागे फिरल्याचा सर्वसाधारण निर्देश आहे, आणि त्यामागे बहुधा विसंगत ड्रायव्हर असतो. त्याच्यासोबत दिसणारा दुसरा क्रमांक अधिक बोलका असतो. तो ०एक्स-२ ने सुरू होत असल्यास दुसऱ्या, ०एक्स-३ ने सुरू होत असल्यास तिसऱ्या आणि ०एक्स-४ ने सुरू होत असल्यास चौथ्या टप्प्यात अडथळा आला, असा त्याचा अर्थ होतो. ०एक्स-३००१८ म्हणजे नवी कार्यप्रणाली प्रथम सुरू होत असतानाची अडचण.

अशा वेळी प्रिंटर, वेबकॅम, वायफायचे डोंगल, बाहेरच्या डिस्क अशी सर्व अनावश्यक उपकरणे काढून ठेवावीत. अन्य कंपनीचा अँटिव्हायरस तात्पुरता बंद करण्याऐवजी पूर्णपणे काढावा, कारण बंद अवस्थेतही त्याचे ड्रायव्हर कार्यरत राहू शकतात. डिस्क-नियंत्रक, ध्वनी व चित्र यांचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर संगणक-निर्मात्याच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावेत. ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचा दावा करणारी त्रयस्थ साधने मात्र टाळलेली बरी. त्यांनी बसवलेला चुकीचा ड्रायव्हर हाच पुढच्या अपयशाचे कारण ठरू शकतो. इतके करूनही उलगडा झाला नाही, तर पँथर या फोल्डरातील नोंदवह्या पाहाव्यात. त्या वाचणे किचकट असल्याने मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग हे साधन त्यांतून संभाव्य कारण काढून देते.

०एक्स-८००७००७० हा क्रमांक जागा अपुरी असल्याचे दर्शवतो. ६४ गीगाबाइट ही साठवणीची एकूण क्षमता आहे. सी ड्राइव्हवर त्यातील साधारण २० गीगाबाइट किंवा अधिक जागा प्रत्यक्ष मोकळी असावी लागते.  ३२ गीगाबाइट साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप मुळातच अपात्र ठरतात. सिस्टिम रिझर्व्हड विभाग अद्ययावत करता आला नाही, अशी सूचना येते तेव्हा भरलेला असतो तो मात्र सी ड्राइव्ह नव्हे, तर नेहमी न दिसणारा छोटा आरंभ-विभाग. त्यातील फाइली अंदाजाने पुसल्यास संगणक सुरू होणे बंद होऊ शकते.

संगणक पात्र असूनही उन्नयनाचा पर्यायच दिसत नाही, असेही घडते. एखाद्या ड्रायव्हरमध्ये ज्ञात दोष असल्यास मायक्रोसॉफ्ट तशा संगणकांसाठी उन्नयन रोखून धरते. इंटेलच्या अकराव्या पिढीतील काही संगणकांवर ध्वनीच्या एका ड्रायव्हरमुळे निळा पडदा येत असल्याने अशी रोख लावली गेली होती. ही रोख डावलून हाताने उन्नयन करता येते, पण तसे करणे म्हणजे माहीत असलेल्या खड्ड्यात पाय घालणे होय.

बिटलॉकर आणि पुनर्प्राप्ती-कळ

अनेक नव्या संगणकांवर डिस्कवरील मजकूर बिटलॉकर तंत्राने कूटबद्ध केलेला असतो. घरगुती आवृत्तीत हीच सोय डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने असते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच ती वापरकर्त्याच्या नकळतही चालू होऊ शकते. कुलूप उघडण्याची किल्ली टीपीएममध्ये असल्याने एरवी तिचे अस्तित्व जाणवत नाही. फर्मवेअरची मांडणी बदलली, टीपीएम पुसले किंवा मदरबोर्ड बदलला, की संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागतो. ती नसल्यास डिस्कवरील मजकूर कोणालाही, अगदी मायक्रोसॉफ्टलाही, मिळवून देता येत नाही.

ही कळ सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला त्या खात्यावर जमा असते. खरी अडचण येथेच उद्भवते. संगणक विकत घेताना दुकानात घाईने उघडलेले खाते, त्याला जोडलेला व पुढे बंद झालेला मोबाइल क्रमांक किंवा घरातील दुसऱ्याच व्यक्तीचे खाते असल्यास कळ अस्तित्वात असूनही हाती येत नाही. म्हणून फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी कळ शोधून कागदावर उतरवून ठेवावी आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा. विंडोजची स्वतःची उन्नयन-प्रक्रिया ही स्थगिती आपण होऊन देते. वापरकर्त्याने स्वतः केलेल्या फर्मवेअरच्या बदलांना मात्र ते संरक्षण नसते.

फाइली नाहीशा होणे

उन्नयनाने फाइली पुसल्या गेल्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीचे आहे. ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी उपलब्ध झाली आणि चारच दिवसांत मागे घेण्यात आली. काही वापरकर्त्यांनी डॉक्युमेंट्‌ससारख्या फोल्डरांची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर नेली होती, पण जुन्या जागी काही फाइली राहिल्या होत्या. तेथील फोल्डर आता निरुपयोगी आहे, असे समजून उन्नयनाने ते आतील फाइलींसह काढून टाकले. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा प्रसिद्ध झाली. अशा तक्रारी एकूण वापरकर्त्यांच्या मानाने फारच थोड्या होत्या, पण ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांच्यासाठी त्या प्रमाणाला काही अर्थ उरला नाही.

उन्नयनानंतर डेस्कटॉप रिकामा दिसला म्हणजे फाइली गेल्याच असे नसते. वनड्राइव्हची प्रत घेण्याची सोय चालू झाल्यास डेस्कटॉप व डॉक्युमेंट्‌स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. काही वेळा विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलने सुरू होते आणि मूळ फाइली सी ड्राइव्हवरील युजर्स फोल्डरात तशाच असतात. विंडोज.ओल्ड या फोल्डरातही जुनी कार्यप्रणाली व तिच्यातील काही फाइली राहतात.

याच विंडोज.ओल्डच्या आधारे उन्नयनानंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील रिकव्हरी विभागातून विंडोज १० वर परत जाता येते. परतताना वैयक्तिक फाइली राहतात, पण उन्नयनानंतर बसवलेले प्रोग्राम जातात. मुदत संपण्यापूर्वी डीआयएसएम या आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. जागा मोकळी करण्यासाठी विंडोज.ओल्ड पुसल्यास परतीची वाट त्याच क्षणी बंद होते.

‘फॉरमॅट मारून’ नवी प्रणाली बसवण्याचा सल्ला दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास दिला जातो. त्याने बहुतेक दोष जातात, हे खरे आहे. मात्र ‘डी ड्राइव्हला धक्का लागणार नाही’ या आश्वासनावर विसंबणारा वापरकर्ता हे विसरतो, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्‌स, डाउनलोड्स आणि संगणकावर साठवलेला ईमेल हे सारे मुळात सी ड्राइव्हवर असते.

मराठी मजकूर आणि टंक

मराठीतील जुना मजकूर जपणाऱ्यांसाठी उन्नयन आणि नवी प्रणाली बसवणे यांतील फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेल्या दस्तऐवजांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात आणि देवनागरी दिसते ती केवळ त्या टंकामुळे. उन्नयनात हे टंक कायम राहतात. नव्याने बसवलेल्या प्रणालीत ते नसतात आणि संपूर्ण पुस्तक अर्थहीन रोमन अक्षरांची रांग बनून समोर येते. मजकूर नष्ट झालेला नसतो. मूळ टंकाची फाइल पुन्हा बसवली की तो वाचता येतो. म्हणून फाइलींच्या प्रतीसोबत फॉन्ट्स फोल्डराचीही प्रत घेणे आवश्यक असते.

युनिकोड मजकुराबाबत अडचण किरकोळ आहे. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता आदी टंक ऐच्छिक घटकांत गेले असून निर्मला हा मूळ टंक आहे. मराठी भाषा जोडून किंवा देवनागरीचे पूरक टंक उतरवून जुन्या दस्तऐवजांची मांडणी पूर्ववत करता येते. इन्स्क्रिप्ट कळफलक आणि २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये आलेला उच्चारानुसारी मराठी कळफलक हे दोन्ही विंडोज ११ मध्ये उपलब्ध आहेत.

३२-बिट विंडोजवर चालणाऱ्या जुन्या डीटीपी व हिशेबाच्या प्रोग्रामांची स्थिती वेगळी आहे. १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. ज्यांना हार्डवेअर लॉक लागतो त्यांचा ३२-बिट ड्रायव्हरही तेथे चालत नाही. नवा ड्रायव्हर मिळत नसेल, तर असा संगणक इंटरनेटपासून तोडून जुन्याच प्रणालीवर ठेवणे हा व्यवहार्य पर्याय ठरतो.

अपात्र संगणक

अपात्र संगणकावर विंडोज ११ बसवण्याची एक नोंदणी-युक्ती मायक्रोसॉफ्टनेच २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे ती सूचना काढून टाकण्यात आली. अशा संगणकांना पुढील अद्यतने मिळण्याची हमी दिली जात नाही. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी व एसएसई ४.२ या आज्ञा लागतात. त्यामुळे इंटेल कोअर २ सारख्या प्रोसेसरांवर ती कोणत्याही युक्तीने सुरू होत नाही.

विंडोज १० वरच राहू इच्छिणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या विस्तारित सुरक्षा-अद्यतनांची योजना आणली. तिच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. उबुंटू व लिनक्स मिंट या मुक्त प्रणाली अशा संगणकांवर चालू शकतात आणि पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कला धक्का न लावता आधी पाहता येतात.