मुरणे आणि नुसते जुने होणे : लाल वाइनच्या निमित्ताने

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता वाइनवर बोलणार?’ शंका रास्त आहे. पिण्याचा प्रचार करायला आम्ही इथे उभे नाही. आमचा प्रश्न जुनाच आहे. काळ गेला की काही गोष्टी मुरतात आणि काही नासतात, असं का? लोणचं मुरतं. तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो. पीठ मात्र जुनं झालं की त्याला जाळी धरते. वाइनच्या बाबतीत हा प्रश्न माणूस दोन हजार वर्षं विचारतो आहे, म्हणून तिचा इतिहास पाहू.

सुरुवात घराजवळून करू. पनवेलच्या खाडीतून बाहेर पडलं की घारापुरी लांब नाही. लेणी सगळ्यांनी पाहिली आहेत. पण त्या बेटाच्या किनाऱ्यावर रोमन कुंभांची, ज्यांना ॲम्फोरा म्हणतात त्यांची, खापरं मोठ्या प्रमाणात सापडली आहेत. अरुंद मान, दोन कान, खाली निमुळता तळ. काही कुंभांतून तेल यायचं, काहींतून माशांचं सार, आणि पुष्कळशांतून वाइन. नेवाशालाही अशी खापरं मिळाली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात पहिलं नाव वाइनचं, आणि पसंती इटलीच्या वाइनला!

रोमन लोकांना जुन्या वाइनचं मोठं वेड. इ.स.पू. १२१ या सालची वाइन तर दंतकथाच झाली होती. जवळजवळ दोनशे वर्षांनी प्लिनी लिहितो की ती अजून शिल्लक आहे, पण आटून मधासारखी घट्ट आणि कडवट झाली आहे. दुसऱ्या वाइनमध्ये चवीपुरती घालायची एवढाच तिचा उपयोग. म्हणजे बघा, किंमत वाढत गेली आणि पिण्याजोगं काही उरलं नाही.

आपल्याकडेही हा विचार होता. चरकसंहितेत नवं मद्य जड आणि दोष वाढवणारं, तर जुनं हलकं आणि अग्नी प्रदीप्त करणारं मानलं आहे. शार्ङ्गधर म्हणतो, चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होतं, आसव मात्र जुनं झालं की गुणी होतं. आपल्या पनवेलात १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरचा कारखाना काढला. आसव-अरिष्टांची ही विद्या या गावाला परकी नाही. द्राक्षासव हे शेवटी द्राक्षं आंबवूनच होतं.

कुंभ गेले, लाकडी पिंपं आली. पिंपातून हवा शिरते. त्यामुळे मध्ययुगीन युरोपात नवी वाइन महाग आणि गेल्या वर्षीची स्वस्त, असा उलटा बाजार होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीवर जाड, मजबूत काच होऊ लागली. तिला बूच मिळालं. अठराव्या शतकात सरळ बाजूंची बाटली आली, जी आडवी ठेवता येते. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं, आक्रसत नाही, हवा आत येत नाही. तळघरात वर्षानुवर्षं वाइन राखण्याची चाल या साध्या सोयीतून रुजली.

आता बाटलीत होतं काय? लाल वाइन सालींसकट आंबवतात. सालीतून रंग येतो आणि टॅनिन येतं. टॅनिन म्हणजे तुरटपणा. हिरडा किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तो. वर्षांमागून वर्षं हे तुरट कण आणि रंगाचे कण एकमेकांना धरतात, जड होतात, तळाशी गाळ बसतो. म्हणून पेला पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरतात आणि कडेचा रंग पाहतात. तरुण वाइनची कड जांभळट, मुरलेलीची विटकरी. ताज्या फळाचा वास मागे पडतो. चामडं, सुका पाला, ओली माती असे वास येतात. जिभेवरचा करकरीतपणा मऊ होतो.

पण हे घडायला बारा ते पंधरा अंशांचा गारवा लागतो, अंधार लागतो, थोडी दमट हवा लागते. आणि मुळात वाइनमध्ये तुरटपणा, आंबटपणा, फळाचा कस असावा लागतो. जगातली बहुतेक वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते.

आपल्या महाराष्ट्रात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन केली. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००१ साली राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं. तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि हिवाळ्याच्या शेवटी तोड. युरोपचं पंचांगच उलटं! पण चाळीस वर्षं मुरलेली नाशिकची लाल वाइन चाखण्याचा अनुभव पुढच्या पिढीलाच मिळेल.

आता आमची फजिती सांगतो. आम्ही निवृत्त झालो तेव्हा विद्यार्थ्यांनी एक लाल वाइन भेट दिली. आणणारा मुलगा म्हणाला, ‘सर, तीन-चार वर्षांत उघडा.’ आम्ही मनात म्हटलं, याला काय कळतंय, जुनं ते सोनं! बाटली पनवेलच्या आमच्या घरात, कपाटावर, उभी. अकरा उन्हाळे गेले. मग तीच मुलं भेटायला आली आणि आम्ही मोठ्या थाटात ती उघडली. बूच भुगा होऊन आत पडलं. रंग चहासारखा, वास शिजलेल्या मनुकांचा, चव आंबट. मुलं सभ्य होती, घोट घोट घेत राहिली. आणणारा काहीच बोलला नाही. आम्ही ती बाटली जपली असं आम्हाला वाटत होतं; आम्ही ती फक्त ठेवली होती. आणि ज्याला कळत होतं त्याचं ऐकलं नव्हतं.

न्याय-वैशेषिकांत ‘पाक’ हा विचार आहे. उष्णतेच्या संयोगाने वस्तूचे रूप, रस, गंध, स्पर्श बदलतात. कच्चा घडा भट्टीत लाल होतो, आंबा पिकतो. वैशेषिक म्हणत, घडा परमाणूंपर्यंत सुटतो आणि नवाच घडा बनतो. नैयायिक म्हणत, घडा तोच, गुण बदलले. वर्गात आम्ही हा वाद वर्षानुवर्षं शिकवला. पण ती भट्टी किती तापवायची, घडा केव्हा काढायचा, हे कुंभाराला विचारावं लागतं. काळ एकटा काही मुरवत नाही. मुरायला मुळात कस लागतो, राखण लागते, आणि उघडायची वेळ ओळखावी लागते.

सत्तरी ओलांडलेल्या आम्हा मंडळींना हे लागू आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. तो मुलगा आज इथे बसला आहे. अरे, तुझं बरोबर होतं.