परदेशी दत्तक आणि वैद्याचा दाखला

आपल्याकडील जुन्या दत्तकविधानात गोत्र, नाते, वय आणि औरस पुत्राचा अभाव यांची चिकित्सा शास्त्रीपंडितांनी फार बारकाईने केली, आणि 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा कंपनी सरकारच्या दप्तरातही दत्तकाच्या मंजुरीचा खल पुष्कळ झाला. परंतु त्या साऱ्या वादांत मुख्य प्रश्न घराण्याचा आणि गादीचा होता, ज्या मुलाला मांडीवर घ्यावयाचे त्याच्या प्रकृतीचा नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर परदेशी दत्तकाची प्रथा रूढ झाली, तेव्हाही वैद्य आला तो प्रथम राज्यसत्तेचा सेवक म्हणून. कोरियन युद्धाने निराधार केलेली आठ मुले ओरेगॉनमधील हॅरी व बर्था होल्ट या दांपत्याला दत्तक घेता यावीत म्हणून 1955 साली अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला, आणि पुढे सहस्रावधी मुले त्याच वाटेने गेली. पण 1952 च्या स्थलांतर कायद्याने क्षय, कुष्ठ, अपस्मार व मतिमांद्य असणाऱ्यांस प्रवेश निषिद्ध ठरविला असल्यामुळे व्हिसापूर्वीची तपासणी म्हणजे सरहद्दीवरचा पहाराच होता. अपस्माराचे झटके येणाऱ्या एखाद्या अनाथ बालकाला औषधाची आणि आईची गरज सर्वांत अधिक असावी, आणि त्याच कारणास्तव त्याला दार बंद व्हावे, ही गोष्ट आजही मनाला जाचते.

या दृष्टीला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले वळण मला फार मोलाचे वाटते. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांची कैफियत लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी पत्राने मांडली, ते पत्रच 1982 साली रिट अर्ज म्हणून दाखल झाले, आणि 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी जो निकाल दिला त्यात मुलाविषयीच्या अहवालासोबत नोंदणीकृत वैद्याने, शक्यतो बालरोगतज्ज्ञाने, तयार केलेला आरोग्यवृत्तांत असावा, तसेच मूल मागणाऱ्या दांपत्याच्याही प्रकृतीचे दाखले यावेत, असे ठरविले गेले. परदेशी पालकांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम मिळवावा लागे. त्या अर्जाच्या बासनात आता मुलाचे वजन, आजार आणि वाढ यांना हक्काची जागा मिळाली.

तथापि दाखला लिहिणे सोपे नव्हते. टाकून दिलेल्या मुलाची जन्मतारीख कोणास ठाऊक? दात किती आले, मनगटाच्या अस्थींची वाढ क्ष-किरणात कशी दिसते, यांवरून वैद्य वय अजमावी, आणि तोच अंदाज त्या मुलाला जन्मभर चिकटे. एचआयव्हीची प्रतिपिंड-चाचणी तान्ह्या मुलात सकारात्मक आली तरी ती प्रतिपिंडे आईकडून आलेली असू शकतात, आणि सुमारे दीड वर्षापर्यंत टिकतात. तेव्हा केवळ त्या एका कागदावरून मुलाला नाकारणे हा उघड अन्याय होता.

1986 साली मिनेसोटा विद्यापीठात डॉ. डेना जॉन्सन यांच्या पुढाकाराने खास परदेशी दत्तक मुलांसाठी चिकित्सालय निघाले. तेथील डॉ. मार्गारेट होस्टेटर व सहकाऱ्यांना असे आढळले की, वरवर निरोगी दिसणाऱ्या या मुलांतील बहुतेक विकार नुसत्या अंगतपासणीने कळत नाहीत, रक्त व मल यांच्या आणि क्षयाच्या चाचण्यांनीच ते उघड होतात. पुढे 1989 अखेर चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि रुमानियातील बालगृहांची दारे उघडली. तेथून आलेल्या 65 मुलांच्या अभ्यासात प्रकृती व विकास या दोन्ही दृष्टींनी ठीक अशी अवघी 10 निघाली. बालगृहातील दर तीन महिन्यांमागे सुमारे एका महिन्याची वाढ खुंटते, हा आडाखाही जॉन्सन यांच्याच निरीक्षणांतून रूढ झाला.

परदेशी दत्तकाविषयीच्या 1993 च्या हेग कराराचे सोळावे कलम मुलाच्याच नव्हे, त्याच्या कुटुंबाच्याही वैद्यकीय पूर्ववृत्ताची मागणी करते, आणि भारताने 2003 साली तो करार मान्य केला. पण ज्याचे आईबाप अज्ञात आहेत त्याच्या अहवालात हा रकाना रिताच राहणार. म्हणून संस्थेतील परिचारिकेने रोज टिपलेले वजन, ताप, दुधाचे माप आणि टोचलेल्या लशी हेच त्याचे पूर्ववृत्त समजावे, आणि ती वही सारांशरूपाने नव्हे, मुळाबरहुकूम त्याच्याबरोबर धाडावी.