डीडॉस अटॅक म्हणजे काय? मोबाईल नेटवर्क त्यापासून कसं वाचवतात?

अंगारकीला रांजणगावात गर्दी झाली की फुल रेंज असूनही नेट रखडतं, हे शिरूर-दौंडकडच्या अनेकांनी अनुभवलं असेल. ही झाली खऱ्या माणसांची गर्दी. पण कोणी मुद्दाम खोटी गर्दी केली तर? हजारो डिव्हाइसवरून एकाच वेळी फालतू ट्रॅफिक सोडून नेटवर्क तुंबवणं, यालाच डीडॉस अटॅक म्हणतात. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट पुरवठादारांवर असा अटॅक झाला होता आणि त्याचा गुन्हाही नोंदवला गेला.

मोबाईल नेटवर्क कुठे अडकतं?

खिशात शांत पडलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी टॉवरशी सतत जोडलेला राहत नाही. त्याच्यासाठी डेटा आला की नेटवर्क आधी त्या भागातल्या टॉवरवरून त्याला हाक मारतं, मग चॅनल देतं. एवढ्याशा पॅकेटसाठीही ही सगळी धावपळ! त्यामुळे असंख्य फोनना छोटे छोटे पॅकेट पाठवले तरी टॉवरचा जीव मेटाकुटीला येतो.

कंपन्या काय करतात?

१. फायरवॉल: फोनने न मागवलेला डेटा नेटवर्कच्या दारातच अडवतात.
२. मर्यादा: एकाच ठिकाणाहून किंवा सिमवरून भरमसाट रिक्वेस्ट आल्या की त्यांना लगाम घालतात.
३. गाळणी: संशयास्पद ट्रॅफिक वेगळ्या सर्व्हरकडे वळवून खरं-खोटं वेगळं करतात.

आपलाच फोन हल्लेखोर?

हो, असं झालंय. ऑगस्ट २०१७ मध्ये 'वायरेक्स' नावाचं जाळं सापडलं. १०० हून जास्त देशांतले अँड्रॉइड फोन त्यात अडकले होते. व्हिडिओ प्लेयर, रिंगटोन अशा साध्या दिसणाऱ्या अ‍ॅपमधून ते पसरलं. गुगलने प्ले स्टोअरवरून सुमारे ३०० अ‍ॅप काढून टाकली. असा फोन नेटवर्कच्या आतच असतो आणि एकेकटा थोडंच ट्रॅफिक पाठवतो, म्हणून तो ओळखणं अवघड.

तुम्ही काय कराल?

- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल इन्स्टॉल करू नका.
- फोन आणि अ‍ॅप अपडेट ठेवा, नको ती अ‍ॅप काढा.
- वायफाय राउटर आणि सीसीटीव्हीचा कंपनीने दिलेला पासवर्ड लगेच बदला.
- फोन वापरत नसतानाही डेटा संपतोय? सेटिंगमध्ये कोणतं अ‍ॅप किती डेटा खातंय ते बघा.
- शंका आली तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत टूल्स वापरा. हे केंद्र २०१७ पासून सुरू आहे.

टॉवर सांभाळणं कंपनीचं काम, पण आपला फोन त्या खोट्या गर्दीत जाऊ न देणं आपल्याच हातात आहे.